औषधात लोणी

१

औषधाच्या दुकानाचं शटर मधोमध चेपलं होतं. काचेचा चुरा पायरीवरून रस्त्यापर्यंत उतरला होता आणि त्यात खोकल्याच्या औषधाचा लाल ओघळ सुकून काळा पडत चालला होता. आदल्या दुपारी भट्टीगल्लीतली माणसं चिऊला स्मशानात पोचवून परतली, ती घरी गेलीच नाहीत. सरळ इथे आली. पहिला दगड मिस्त्रीने उचलला. ज्या हातांनी जन्मात कधी कच्चं मडकंसुद्धा आपटलं नव्हतं, त्या हातांनी.

"खोटं औषध विकलंस! माझी पोर खाल्लीस!"

मिस्त्री म्हणजे गल्लीतल्या रांजणांच्या मोठ्या भट्टीचा कारागीर. चिऊ त्याची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. रांजणांवर पानाफुलांची नक्षी काढायची ती. पूर ओसरला आणि मागे ताप सोडून गेला. त्या तापात आठवड्याभरात ती गेली. औषध चालू असताना गेली, हेच कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

दुकानदाराला सगळे भाऊ म्हणत. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं ते निम्मं संशयावरून आणि निम्मं त्याचा जीव वाचावा म्हणून. आता सगळं अवलंबून होतं औषध-निरीक्षकबाईंच्या अहवालावर. औषध खोटं ठरलं, तर भाऊ तुरुंगात जाणार होता. पस्तीस वर्षांचं दुकान जाणार होतं, आणि नाव तर आधीच मातीत गेलं होतं.

बाई पन्नाशीच्या, अंगाने भारी, चालताना धाप लागणाऱ्या. कचेरीत त्यांना पाठीमागे 'कानवाल्या बाई' म्हणत. बाकीचे निरीक्षक बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत, आणि बाई मात्र माणसांचं बोलणं ऐकत बसत.

"नमुने तपासायला गेले ना, बाई? मग आता माणसांशी काय बोलायचं राहिलं?" बरोबरचा हवालदार कंटाळून म्हणाला.

"अहो हवालदार, गोळी कधी खोटं बोलत नाही. म्हणून तर तिच्याशी बोलून काही कळत नाही."

कोठडीत भाऊ भिंतीला टेकून बसला होता. कपाळावर पट्टी. बाईंना बघून तो उठायला लागला, तर बाईच खाली बसल्या.

"मिस्त्रीने फिर्याद दिली असली तरी माझी त्याच्यावर तक्रार नाही," तो म्हणाला. "पोटची पोर गेली की माणूस देवालासुद्धा दगड मारतो. मी तर साधा दुकानदार."

"औषध कुठून आलं होतं?"

"नेहमीच्या ठिकाणाहून. बाई, एक सांगू? सांगायची लाज वाटते." त्याने खाली पाहिलं. "चिऊला दिल्या त्याच डब्यातल्या कॅप्सूल मी माझ्या आईला दिल्या. तोच ताप होता तिला. म्हातारी चौथ्या दिवशी उठून माझ्यावरच खेकसली, भाताला मीठ का नाही म्हणून. एकोणीस वर्षांची गेली आणि ऐंशी वर्षांची बसली आहे. हे मी मिस्त्रीला कुठल्या तोंडाने सांगू?"

संध्याकाळी तपासणीचा निकाल आला. औषध अस्सल होतं, रतीभरही कमी नाही.

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे भाऊ सुटला?"

"कसा सुटेल? गल्ली म्हणेल, पैसे चारून निकाल फिरवला. पोर कशाने गेली हे कळल्याशिवाय भाऊ सुटत नाही, हवालदार. दार उघडलं तरी सुटत नाही."

२

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टर चार खुर्च्या सोडून पाचवीवर बसले होते, कारण चारांवर रुग्ण झोपले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मला कोड्यात टाकलंय या तापाने," ते म्हणाले. "उंदरांमुळे पुराच्या पाण्यात उतरतो हा. लवकर पकडला तर हे साधं औषध पुरतं. बाजारपेठेतले उठले, शाळेमागचे उठले. एका भट्टीगल्लीतच लागू पडत नाही. चिऊ गेली. तिच्या शेजारच्या मावशींचा थोरला पडून आहे, त्याचाही ताप हटत नाही. डोळे पिवळे व्हायला लागलेत त्याचे."

"गल्लीचं पाणी वेगळं आहे?"

"एकाच टाकीचं. सगळ्या गावाला गढूळ येतंय सध्या. तपासून घेतलं मी."

"औषध वेळेवर घेत नसतील?"

"मिस्त्रीच्या घरात? अहो, मिस्त्री घड्याळाकडे डोळे लावून बसायचा. गल्लीत त्याचा शब्द चालतो. तो करतो तसंच सगळे करतात."

बाई म्हणाल्या, "औषध देताना तुम्ही काय बोललात, ते मला तसंच्या तसं सांगा. नेमक्या त्याच शब्दांत."

"त्यात काय आहे? चिऊचा घसा सुजला होता, कॅप्सूल गिळवेना. म्हटलं, फोडून कालवून द्या. पण दुधातून नको. दुधातल्या कॅल्शियमला हे औषध घट्ट धरून बसतं, मग ते रक्तात उतरतच नाही. म्हणून म्हटलं, निव्वळ पाण्यातून द्या. मिस्त्रीने दोनदा म्हणूनसुद्धा दाखवलं. शहाणा माणूस."

तेवढ्यात दारात गलका झाला. हवालदार एका दूधवालीला घेऊन आत आला. आनंदाने त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"बाई, सापडलं! सांग गं, मला सांगितलंस ते."

दूधवालीने पदर खोचला. "सांगते की. मी काय भिते होय? मिस्त्रीच्या घरी माझा रतीब होता. तो बंद केला. औषधाला दूध चालत नाही म्हणे. बरं, नाही चालत तर नाही चालत. पण मी भांडं परत न्यायला गेले, तर मिस्त्री आतून बायकोला विचारतोय, 'औषधात लोणी टाकलंस का?' आणि ती म्हणते, 'टाकलं.' माझ्या दुधाला विटाळ आणि लोणी मात्र चाललं! सावत्र आई ती. तिला काय पडलंय पोरीचं?"

डॉक्टर खुर्चीवरून ताडकन उठले. "लोणी? औषधात? मी दुधाचं काहीही नको म्हणून बजावलं होतं!"

"विषच घातलं की मग," हवालदार म्हणाला. "फक्त पांढरं."

३

मिस्त्रीच्या दुसऱ्या बायकोला गल्ली नवी म्हणत असे. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी नवीच. चिऊसुद्धा तिला 'ए नवी' अशीच हाक मारी. माणसाला एकदा चिकटलेलं नाव सुटायला फार कठीण, आणि संशय त्याहून कठीण.

नवी चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मिस्त्री घरात नव्हता. तो दिवसभर विझल्या भट्टीसमोर बसून असतो, असं कुणी तरी बाहेरून सांगितलं. दारात बायकांची गर्दी जमली.

हवालदाराने घसा साफ केला. "खरं सांगायचं. चिऊच्या औषधात तू लोणी घातलंस?"

"घातलं की," नवी म्हणाली.

"ऐकलंत? तोंडाने कबूल!" हवालदाराने मागे वळून पाहिलं. पण दारातल्या बायकांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या, जणू काही त्याने 'पाणी प्यालीस का' असं विचारलं होतं.

बाईंच्या कानाने ती शांतता बरोबर टिपली. कबुलीजबाब ऐकल्यावर गल्ली अशी गप्प बसत नाही. शिवाय रतीब बंद, गोठा नाही, पुरानंतर बाजारात लोण्याचा गोळाही नाही. मग लोणी आलं कुठून?

"नवी," बाई हळूच म्हणाल्या, "मला ते लोणी दाखवशील?"

नवी उठली. तिने बाईंना मागच्या अंगणात नेलं. तिथे एक पसरट टाकी होती, ओल्या गोणपाटाने झाकलेली. नवीने गोणपाट उचललं आणि दोन बोटं आत बुडवून बाईंपुढे धरली. बोटांवर राखाडी-पांढरा, चकचकीत, गुळगुळीत लपका होता. अगदी लोण्यासारखा.

"हे."

"ही तर माती आहे!"

"मातीच. सगळ्यात बारीक चिकणमाती. बोटांना लोण्यासारखी लागते म्हणून आम्ही लोणी म्हणतो. रांजणाला वरून लेपाचा हात द्यायला लागते." तिने बोटं पदराला पुसली. "गढूळ पाण्यात चिमूटभर टाकली की घाण घेऊन खाली बसते. इथलं पाणी जड, त्यामुळे लवकर बसते. पूर आल्यापासून सगळी गल्ली पाणी असंच निवळून पिते. तुमच्याकडे करत नाहीत?"

"पाण्यात समजलं. पण औषधात का?"

"डॉक्टरांनी सांगितलं ना, निवळ द्या म्हणून!" नवीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "कॅप्सूल फोडून कालवली की पाणी पिवळं, गढूळ व्हायचं. मग हे म्हणाले, असं कसं द्यायचं, डॉक्टर दोनदा म्हणाले निवळ पाण्यातून. ह्यांनी चिमूट टाकली, ढवळलं, ठेवून दिलं. वरचं पाणी कसं आरशासारखं झालं. ते मी पाजलं तिला. मग रोज तसंच. हे नसले घरात, तर मी टाकायची चिमूट."

बाई टाकीजवळ सरकल्या. "पोरगी काय म्हणायची? कडू लागायचं?"

"पहिल्यांदा, निवळायच्या आधी दिलं, तेव्हा थुंकली होती. कडूजहर म्हणाली. निवळून दिल्यावर हसली." नवीने गोणपाट परत टाकीवर ओढलं. "म्हणाली, ए नवी, आता काहीच लागत नाही गं. नुसतं पाणी."

"आणि तळाशी उरायचं ते?"

नवीने टाकीच्या कडेला बोट दाखवलं. दगडावर गाळ ओतून ओतून एक वाळका पापुद्रा धरला होता. माती राखाडी होती. पापुद्रा पिवळा होता.

बाई तिथेच टाकीच्या कठड्यावर बसल्या.

४

डॉक्टरांना बोलावून घेतलं. बाईंनी चुलीपाशी दोन पेले ठेवले. दोन्हीत पाणी, दोन्हीत चिऊच्या उरलेल्या दोन कॅप्सूलांपैकी एकेक फोडलेली. दोन्ही पेले पिवळट. मग एका पेल्यात त्यांनी चिमूटभर लोणी टाकून ढवळलं.

एका पेल्याचा पिवळेपणा जिथल्या तिथे राहिला. दुसऱ्यातला ढगासारखा गोळा झाला, जड झाला, खाली खाली उतरला. तळाशी पिवळा थर बसला आणि वर पाणी स्वच्छ झालं.

डॉक्टरांनी आधी गढूळ पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तोंड वाकडं केलं. मग निवळ पेल्यात बुडवलं. त्यांचं तोंड वाकडं झालं नाही. त्यांचा चेहराच उतरला.

"बारीक माती औषधाला धरते," ते कसेबसे म्हणाले. "दुधासारखीच. दुधाहून घट्ट. पानांसारखे थर असतात तिचे, औषध त्या थरांत जाऊन बसतं. आणि जड पाण्यात तर आणखीच. मी हे शिकलोय, बाई. वाचलंय. पण इथे कोण माती घालेल, असं..." त्यांनी बोट रुमालाला पुसलं. "मी निव्वळ म्हणालो होतो. निव्वळ पाणी! म्हणजे नुसतं पाणी."

"आणि मिस्त्रीने निवळ ऐकलं. जन्मभर ज्याने माती कालवली आणि निवळली, तो दुसरं काय ऐकणार? शब्द तोंडातून सुटला की बोलणाऱ्याचा राहत नाही, डॉक्टर. तो ऐकणाऱ्याच्या घरचा होतो. औषध खरं होतं. भाऊ खरा होता. तुम्ही नको म्हणालात ते दूध त्यांनी घरात येऊ दिलं नाही. सगळ्यांनी सगळं नीट केलं. आणि औषध रोज दगडावर ओतलं गेलं."

हवालदार कधी टोपी काढून उभा राहिला होता, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

नवीने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. पुढे आली आणि बाईंचे दोन्ही हात धरले.

"बाई, माझं एक ऐका. हे ह्यांना सांगू नका. माझ्या नावावर घाला. लिहा, सावत्र आईने चुकीचं औषध पाजलं. लिहा, मुद्दाम पाजलं, मला चालेल. भाऊ सुटतील ना तेवढ्याने? माझ्याकडे तर बोट आहेच गल्लीचं, अकरा वर्षं आहे. मला सवय आहे. पण ह्यांना कळलं की आपल्याच चिमटीने..." तिने पेल्यांकडे पाहिलं. "मरतील हो ते. जिवंतपणी मरतील."

परमेश्वराने आई होण्यासाठी मूल पोटीच यायला हवं असा नियम केलेला नाही, एवढं त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. पण त्यांनी मान हलवली.

"नवी, तू दुष्टाव्याने पोर मारलीस असं मी लिहिलं, तर गल्ली काय करेल? तुला शिव्या देईल, आणि औषध निवळतच राहील. मावशींचा थोरला आत्ता काय पितोय?"

नवीने डोळे मोठे केले. "निवळ. ह्यांनीच शिकवलं त्यांना."

"संध्याकाळचं औषध कालवून ठेवलं असेल खिडकीत. बसत असेल या घटकेला. अगं, खोटं बोलून तू एकाला वाचवशील, आणि..."

"चिमूट माझी होती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागच्या दारात मिस्त्री उभा होता. कोपरापर्यंत भट्टीची राख. तो कधी आला होता, किती ऐकलं होतं, कुणाला ठाऊक नाही. त्याची नजर बाईंवर नव्हती, नवीवरही नव्हती. ती त्या दोन पेल्यांवर होती.

"तिची नाही, बाई. पहिली चिमूट माझी होती."

५

तो खाली बसला. निवळ पेला त्याने उचलला, उजेडासमोर धरला. कारागिराची सवय होती ती, भांड्याचा तळ बघायची.

"सुंदर निवळलंय," तो म्हणाला. आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून दारातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नवी त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने त्याला धरलं नाही, समजावलं नाही. नुसती खांद्याला खांदा लावून बसून राहिली.

मग त्याने विचारलं, "डॉक्टर, गढूळ दिलं असतं, तर वाचली असती?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक," ते म्हणाले. "मी नीट सांगितलं असतं तर. ती चूक माझी आहे, मिस्त्री. नुसतं पाणी, लगेच पाजा, एवढं म्हणायला काय झालं होतं मला?"

"तुम्ही बरोबरच बोललात. मी बरोबरच ऐकलं." मिस्त्रीने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "कुणाला दगड मारायचा, तेच कळत नाही आता."

"मारायचा नाही," बाई म्हणाल्या. "उठायचं. थोरला वाट बघतोय."

मिस्त्री उठला. अंगणातून बाहेर पडताना हवालदाराने त्याला दंडाला धरलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत सोडलं नाही.

मावशींच्या खिडकीत तांब्या होता. वर पाणी आरशासारखं. आत खाटेवर थोरला भिंतीकडे तोंड करून पडला होता. आडदांड गडी, भट्टीवर दोन माणसांचं ओझं एकटा उचलणारा, आणि आता डोळ्यांचा रंग हळदीसारखा.

"आत्ताच निवळलंय बघा, मिस्त्री," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तस्संच."

मिस्त्रीने तांब्या उचलला. सगळी गल्ली दारात लोटली होती. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि तांब्या मोरीत उपडा केला. पिवळा गाळ घरंगळत गेला.

"मी चुकीचं शिकवलं," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "भाऊचं औषध चांगलं होतं. माझ्या पोरीच्या पोटात ते गेलंच नाही. लोणी घेऊन गेलं. तिला मी रोज नुसतं पाणी पाजलं. ऐका सगळे. औषधाला लोणी लावू नका. निवळू नका. मुरवू नका."

कुणाच्या घरात आणखी कॅप्सूल होत्या का? नव्हत्या. दुकान तर यांनीच फोडलं होतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी पोलीस ठाण्यात भाऊला सोडायचा निरोप धाडला आणि आपली सही दिली.

भाऊ अंधार पडायच्या आत आला. कोठडीतून थेट दुकानात, आणि फुटक्या काचांतून डबा शोधून थेट गल्लीत. माणसांनी वाट करून दिली, खाली माना घालून. त्याला बघताच मिस्त्री पुढे झाला. तो पायांवर कोसळणार, इतक्यात भाऊने त्याला काखेत हात घालून उभं केलं.

"नंतर," भाऊ म्हणाला. "आपल्या दोघांना रडायला जन्म पडलाय. आधी हा पोरगा."

मिस्त्रीने मान हलवली. त्याने नवीने आणलेलं पाणी पेल्यात ओतलं. कॅप्सूल फोडली. त्याची बोटं सवयीने एकमेकांना चिकटली, चिमूट धरल्यासारखी, आणि तशीच हवेत थांबली. नवीने ती आपल्या मुठीत घेतली आणि दुसऱ्या हाताने पेला उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला.

मिस्त्रीने थोरल्याची मान आपल्या हातावर घेतली, लहान लेकराची घ्यावी तशी. ओठांना पेला लावला. एक घोट जाताच गडी कळवळला, तोंड फिरवू लागला.

"कडू आहे हो, काका... आणि किती गढूळ..."

"असू दे," मिस्त्री म्हणाला. "गढूळच पी, बाळा. सगळं पी. खाली काही ठेवू नकोस."